येवल्याचा शब्द आणि देहूरोडची मूर्ती



वर्धापनदिनाची स्मरणिका म्हटली की देणगीदारांची नावे, कार्यकारिणीचे फोटो आणि मान्यवरांचे शुभसंदेश आलेच. ते असावेतही, कारण विहार दहा-दहा, वीस-वीस रुपयांच्या पावत्यांवरच उभे राहतात. पण यंदा काही पाने इतिहासासाठी राखून ठेवावीत असे आम्हांला वाटले. इतिहास तरी कुठला? फार लांबचा नव्हे. चिंचवडला लोणावळा लोकल पकडली की आकुर्डीनंतरचे स्टेशन देहूरोड. तिथे जे घडले ते आपल्या मुलांना विचारून बघा. नागपूर सगळ्यांना माहीत, चवदार तळे माहीत, चैत्यभूमी माहीत. आणि घरापासून तिसऱ्या स्टेशनावरची गोष्ट मात्र माहीत नाही. हा दोष मुलांचा नाही, आपण सांगितलेच नाही.

गोष्ट एका संकल्पाची आहे. माणूस संकल्प करतो, चारचौघांत बोलूनही दाखवतो, टाळ्या पडतात, आणि मग बोलणे आणि करणे यांच्या मधल्या वाटेवर कुठेतरी तो बसून राहतो. आपल्या वस्तीतसुद्धा असे किती बेत हवेत विरले ते आपण सगळे जाणतो. बाबासाहेबांनी शब्द दिला तो १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यात येवल्याच्या परिषदेत. हिंदू म्हणून जन्माला आलो ते आपल्या हातात नव्हते, पण हिंदू म्हणून मरणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. त्याआधी २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालला होता. लोकांनी मार खाल्ला, नोकऱ्या गमावल्या, गावोगाव बहिष्कार सोसले, आणि दार काही उघडले नाही. येवल्याचा शब्द रागाच्या भरात आलेला नव्हता. त्याच्यामागे हा साडेपाच वर्षांचा हिशोब होता.

शब्द पुरा झाला १४ ऑक्टोबर १९५६ ला. म्हणजे २१ वर्षे आणि वर एक दिवस. या २१ वर्षांत टोमणे मारणारे कमी नव्हते. घोषणा केली खरी, पण धर्म कुठे बदलला, हा प्रश्न बाहेरचे विचारायचे आणि घरातलेही. निरनिराळ्या धर्मांचे लोक भेटायला येत होते. शीख धर्माचा विचार तर बराच पुढे गेला होता. मुंबईचे खालसा कॉलेज १९३७ साली निघाले ते त्याच काळात. ३० आणि ३१ मे १९३६ ला मुंबईत नायगावला महार परिषद भरली. तिथे बाबासाहेबांनी धर्मांतराची कारणे सविस्तर मांडली, पण कोणता धर्म ते सांगितले नाही. सांगायची घाई त्यांना नव्हती. एकट्यानेच जायचे असते तर दुसऱ्या दिवशीही जाता आले असते. त्यांना सगळा समाज बरोबर न्यायचा होता, आणि समाज काही बैलगाडीसारखा वळवता येत नाही.

मधल्या काळात स्वतंत्र मजूर पक्ष झाला, १९४२ पासून व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते आले, राज्यघटना आली, कायदेमंत्रिपद आले आणि १९५१ मध्ये त्याचा राजीनामाही झाला. हे सगळे जयंतीच्या भाषणात आपण ऐकतो, म्हणून इथे पुन्हा सांगत नाही. आम्हांला सांगायचा आहे तो या सगळ्याच्या खालून वाहत असलेला दुसरा झरा.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. एक पुस्तक, एका मुलाच्या हातात. आता पुढच्या खुणा बघा. १९४६ ला मुंबईत कॉलेज काढले, त्याचे नाव सिद्धार्थ. औरंगाबादला १९५० साली कॉलेज उघडले, त्याला पुढे नाव मिळाले ते मिलिंद. १९४८ साली पी. लक्ष्मी नरसू यांचा बौद्ध धर्माचे सार सांगणारा जुना, मिळेनासा झालेला ग्रंथ त्यांनी पुन्हा छापवला आणि त्याला प्रस्तावना लिहिली. राष्ट्रध्वजावर अशोकाचे चक्र आणि राजमुद्रेवर सारनाथचे सिंह आले, त्या वेळी ते घटना समितीत होते. दीक्षेला अजून कितीतरी वर्षे होती, पण मनातली दिशा नावांवरून आणि खुणांवरून दिसत होती. ज्यांना वाचायला येत होते त्यांनी वाचली असणार.

१९५० मध्ये मात्र गोष्ट उघडी झाली. त्या वर्षी कलकत्त्याच्या महाबोधि सोसायटीच्या मासिकात त्यांनी बुद्ध आणि त्याच्या धम्माचे भवितव्य या विषयावर लेख लिहिला. त्यात धम्माची नुसती थोरवी गाऊन ते थांबले नाहीत. धम्म पसरायचा तर काय काय करावे लागेल, ते त्यांनी मोजून सांगितले: सामान्य माणसाला हातात धरता येईल असा एक ग्रंथ पाहिजे, भिक्षुसंघाची रचना बदलली पाहिजे, आणि जगभर काम करणारी बौद्ध प्रचारसंस्था पाहिजे. त्याच वर्षी ते सिलोनमध्ये कँडीला जागतिक बौद्ध परिषदेला जाऊन आले. बौद्ध देशात धम्म प्रत्यक्ष कसा चालतो, विधी काय असतात, हे त्यांना डोळ्यांनी बघायचे होते. आमच्या मते या माणसाचे मोठेपण इथे दिसते. स्वप्न पाहणारे पुष्कळ असतात. स्वप्नाला लागणाऱ्या सामानाची यादी करणारे थोडे, आणि यादीतले पहिले सामान स्वतः आणायला निघणारे तर फारच थोडे. १९५१ पासून त्यांनी ग्रंथ लिहायला घेतला.

आता देहूरोड. १९५४ सालचा आपला हा पट्टा डोळ्यांसमोर आणा. महानगरपालिका नाही, ती १९८२ ची. नगरपालिकासुद्धा १९७० ची. एमआयडीसी १९६२ ची. पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना नुकता उभा राहत होता. बाकी शेते, बाभळी आणि मुंबईला जाणारा रस्ता. देहूरोडला मात्र लष्कराचे डेपो होते, आणि डेपो म्हणजे आपल्या माणसांना गावकीतून सुटून पगार मिळण्याची जागा. महिन्याला ठरलेला पगार आला की माणसाची मान थोडी वर होते, पोराला शाळेत घालायचा विचार सुचतो. बाबासाहेबांचे तळेगाव दाभाड्याला घर होते, त्यामुळे हा भाग त्यांना परका नव्हता.

१९५४ च्या डिसेंबरात बाबासाहेब ब्रह्मदेशात रंगूनला तिसऱ्या जागतिक बौद्ध परिषदेसाठी गेले होते. तब्येत खालावलेली, मधुमेह, पाय साथ देत नव्हते. तिथून आलेली बुद्धमूर्ती २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी देहूरोडच्या विहारात स्वतःच्या हाताने स्थापन केली. योगायोग बघा, २५ डिसेंबर हीच १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळल्याची तारीख.

हजारो स्त्री-पुरुष जमले होते. त्या सभेत बाबासाहेब जे बोलले त्यातल्या तीन गोष्टी आम्हांला महत्त्वाच्या वाटतात. पहिली, बाराशे वर्षांनंतर बुद्धाची मूर्ती पुन्हा बसवण्याचा मान आपल्या लोकांना मिळतो आहे आणि ही घटना इतिहासात राहील. दुसरी, आपण सामान्य माणसासाठी सोप्या भाषेत ग्रंथ लिहीत आहोत, त्याला अजून वर्षभर लागेल आणि तो पुरा झाला की आपण धम्म स्वीकारू. येवल्याला धर्म सोडायचे ठरले होते, पण कोणता घ्यायचा आणि कधी, ते नव्हते. देहूरोडला धर्मही सांगितला आणि मुदतही. तिसरी गोष्ट धाडसाची होती. पंढरपूरचा विठोबा म्हणजे मुळात बुद्धच, असे आपले मत असून त्यावर आपण प्रबंध लिहिणार आहोत, असे ते म्हणाले. पुंडलिक म्हणजे कमळ, पांडुरंग म्हणजेही कमळ, अशी त्यांची मांडणी होती. तुकोबांच्या देहूपासून हाकेच्या अंतरावर हे बोलणे म्हणजे काही साधी गोष्ट नव्हे. हे मत सगळ्या संशोधकांनी स्वीकारलेले नाही, आणि ते स्वीकारलेच पाहिजे असा आमचाही हट्ट नाही. पण प्रश्न विचारला गेला हे खरे.

त्या बाराशे वर्षांविषयी थोडे विषयांतर करतो. देहूरोडहून पुढे बेगडेवाडी, घोरावाडी ही स्टेशने लागतात. तिथल्या घोराडेश्वराच्या डोंगराला आपण श्रावणात गर्दी झालेली बघतो. त्याच डोंगरात शेलारवाडीची बौद्ध लेणी आहेत. तिथे एक ब्राह्मी शिलालेख आहे. धेनुकाकट गावच्या उसभनक नावाच्या नांगरधारी कुणब्याची बायको सिअगुतनिका हिने, आपला मुलगा नंद याच्यासह, हे लेणे दान दिले असे त्यात लिहिले आहे. राजा नाही, राणी नाही, शेतकऱ्याची बायको! कार्ल्याला जा, तिथेही तेच. कुणी सुगंधी माल विकणारा, कुणी सुतार, कुणी दूरच्या गावचा सावकार. कुणी दरवाजा दिला, कुणी एकेक खांब दिला. जिथे गर्दीत नुसते हात जोडून आपण परत फिरतो, तिथल्या दगडावर कष्टकऱ्यांची नावे आहेत. आपल्या विहाराच्या फरशीला, पंख्याला, पाण्याच्या टाकीला ज्यांनी पैसे दिले त्यांची नावे भिंतीवर बघून काही जण नाक मुरडतात. त्यांनी एकदा कार्ल्याला जाऊन यावे. ही चाल दोन हजार वर्षांची आहे.

देहूरोडनंतरचे काम भराभर झाले, पण सोपे झाले नाही. ४ मे १९५५ ला भारतीय बौद्ध महासभेची नोंदणी झाली. यादीतली संस्था कागदावर आली. ग्रंथाचे हस्तलिखित नानकचंद रत्तू रात्री उशिरापर्यंत टाइप करत. १९५६ च्या सुरुवातीला ग्रंथ जवळजवळ पुरा झाला. म्हणजे वर्षाचा अंदाज अगदीच चुकला नाही. पण छापायला पैसे? १४ सप्टेंबर १९५६ ला बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून सरकारने ५०० प्रती घ्याव्यात अशी विनंती केली. बुद्धजयंतीसाठी ठेवलेली रक्कम संपली आहे असे उत्तर आले. घटनेच्या शिल्पकाराला आपल्या ग्रंथाच्या पाचशे प्रती खपवण्यासाठी पत्र लिहावे लागले, हे वाचून आजही मन विषण्ण होते.

इथे त्यांनी काय केले ते नीट बघण्यासारखे आहे. छापील ग्रंथाची वाट पाहिली नाही. लिहून झाला आहे ना, मग आता दीक्षा! अशोक विजयादशमीला, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला कुशीनगरच्या भदंत चंद्रमणी महास्थवीरांकडून त्यांनी माईसाहेबांसह धम्मदीक्षा घेतली आणि लगोलग लाखोंच्या समुदायाला २२ प्रतिज्ञा दिल्या. दोन दिवसांनी चांद्याला दीक्षा समारंभ झाला. नोव्हेंबरात काठमांडूच्या परिषदेत भाषण झाले. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण. मुंबईचा दीक्षा समारंभ डिसेंबरातच व्हायचा होता. तो झालाही. ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर अंत्ययात्रेच्या वेळी भदंत आनंद कौसल्यायन यांनी शोकाकुल जनसमुदायाला दीक्षा दिली. ग्रंथ १९५७ मध्ये बाहेर आला, तो त्यांना छापील स्वरूपात पाहता आला नाही.

आकडा एकच देतो. १९५१ च्या जनगणनेत देशात बौद्ध सुमारे १ लाख ८० हजार होते; १९६१ मध्ये ३२ लाखांच्या वर गेले, त्यातले बहुतेक महाराष्ट्रातले. यासाठी लोकांनी किंमतही मोजली. बौद्ध लिहिले की केंद्राच्या सवलती जात. त्या बौद्धांना मिळाल्या १९९० च्या कायद्याने. चौतीस वर्षे कागदावर काय लिहायचे हा पेच आपल्या आईवडिलांनी सोसला. कुणी बौद्ध लिहिले आणि सवलत सोडली, कुणी पोराच्या शिक्षणासाठी जुनेच नाव ठेवले. कुणालाही नावे ठेवू नयेत. दोघांच्याही घरी देव्हारा गेला होता आणि भिंतीवर बुद्ध-बाबासाहेब होते.

त्या भिंती इथे आल्या त्या पुढच्या वीस वर्षांत. कारखाने निघाले, १९७२ चा दुष्काळ पडला, मराठवाडा, सोलापूर, विदर्भ, खानदेशातून माणसे येत गेली. दहा बाय दहाच्या खोलीत पाट्यावर बुद्धाचा फोटो, दोन मेणबत्त्या, आणि शिफ्ट संपवून आलेल्यांनी म्हटलेले त्रिसरण. आपल्या भागातले कितीतरी विहार अशाच खोल्यांतून पत्र्याच्या शेडमध्ये आणि शेडमधून स्लॅबखाली आले.

बाबासाहेबांचे सगळेच संकल्प पुरे झाले असे नाही. भिक्षुसंघाची नवी रचना राहिली. विठोबावरचा प्रबंध तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात वाचायचा त्यांचा मानस होता, तोही राहून गेला. पाली आणि ब्राह्मी लिपी शिकणारी मुले आता आपल्या घरांतही आहेत. त्यांच्यापैकी कुणाला या कामाची ओढ वाटली तर पुस्तकांचा खर्च विहार समितीने उचलावा, असे आम्ही मागच्या सभेत सुचवले आहे.

देहूरोडला दरवर्षी २५ डिसेंबरला मूर्ती स्थापनेचा वर्धापनदिन होतो. पहाटेपासून लोकलला गर्दी असते, पुस्तकांचे स्टॉल लागतात. यंदा मुलांना घेऊन सकाळच्या गाडीने जायचे ठरले आहे. आधी विहारात वंदना, मग घोरावाडीला उतरून शेलारवाडीचा डोंगर. डबे आणि पाण्याच्या बाटल्या ज्याच्या त्याने आणाव्यात.