दोरी धरणारा

परतवाड्याकडे उन्हाळा लागला की संत्र्याच्या बगीच्यांतल्या विहिरींवर पोट्टे जमतात. उड्या मारून झाल्या की पुढचा खेळ ठरलेला : 'पाहू बरं, कोनाचा दम जास्त!' आता त्याला मोबाइलचा कॅमेराही जोडला गेलाय. श्वास रोखून बुडी मारण्याच्या या प्रकाराला जगभर फ्रीडायव्हिंग म्हणतात. त्याचा इतिहास वाचताना मला विक्रमवीरांपेक्षा वर थांबलेला माणूस महत्त्वाचा वाटू लागला.

जुन्या काळी तो कामाचाच भाग होता. मन्नारच्या आखातात मोत्यांचे शिंपले कसे काढत, ते रॉबर्ट पर्सिव्हलने सिलोनवरच्या १८०३ च्या पुस्तकात लिहिलंय. एका होडीत १० पाणबुडे. पाच खाली जात, ते वर आले की उरलेले पाच. दगडाच्या वजनाने तळ गाठायचा, शिंपले भरायचे, दोरीला हिसका द्यायचा. वरचे लोक ओढून घेत. जपानच्या आमा बायका खोल बुडी मारत, तेव्हा होडीत दोरी धरून बरेचदा नवरा बसलेला असे. बुडी एकाची, काम दोघांचं.

विसाव्या शतकात बुडीचा खेळ झाला. १९४९ साली इटलीचा रायमोंदो बुखेर पैजेवर ३० मीटर खाली गेला. १९७६ साली जॅक मेयॉलने १०० मीटर गाठले. सराव स्विमिंग पूलमध्येही होऊ लागला. तिथे तळ दिसतो, लाटा नाहीत. मग दोरी कशाला?

उत्तर १९६१ साली मिळालं. अल्बर्ट क्रेग या अमेरिकी डॉक्टरने पाण्याखाली बेशुद्ध पडून वाचलेल्यांच्या हकिकती छापल्या. त्यात बुडीआधी जोरजोरात श्वास घेण्याची सवय पुन्हापुन्हा दिसली. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो. आणि 'आता श्वास घे' ही घंटा मुख्यतः तोच वाजवतो. घंटा वाजण्याआधीच ऑक्सिजन संपतो आणि शुद्ध जाते. गटांगळ्या नाहीत, हाका नाहीत. बघणाऱ्याला वाटतं, गडी अजून दम धरून आहे.

म्हणून आज पूलमध्ये दोरीच्या जागी सोबती असतो. दोघांनी एकाच वेळी दम धरायचा नाही. एक बुडतो तेव्हा दुसऱ्याचं काम फक्त बघणं. स्थिर पडून सराव असेल, तर ठरल्या वेळी सोबती स्पर्श करतो आणि बुडलेल्याने बोट हलवून उत्तर द्यायचं. उत्तर नाही, तर लगेच वर. वर आल्यावरही अर्धा मिनिट नजर हटवायची नाही, कारण शुद्ध तेव्हाही जाऊ शकते. स्पर्धांतही वर येऊन १५ सेकंदांत चष्मा काढून 'मी ठीक आहे' असं सांगावं लागतं, नाहीतर बुडी बाद.

शुद्ध गेलीच, तर तोंड पाण्याबाहेर धरायचं, चष्मा काढायचा, चेहऱ्यावर फुंकर घालायची, गालावर थोपटत नावाने हाक मारायची. काही सेकंदांत श्वास आला नाही, तर तोंडाने श्वास द्यायचा.

आपल्याकडे मात्र अजून पहिला हात पोटावर जातो, 'पानी काढा' म्हणून. अठराव्या शतकात युरोपातही बुडालेल्याला पिंपावर लोळवत, त्याच्या गुदद्वारातून तंबाखूचा धूरही सोडत. १९५० च्या दशकात जेम्स एलम आणि पीटर साफार यांनी दाखवून दिलं की हातांनी दाबादाबी करण्यापेक्षा तोंडाने दिलेला श्वास जास्त पोचतो. १९६० साली छाती दाबण्याची पद्धत आली. पोट दाबलं तर आतलं अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं आणि मोलाची मिनिटं जातात. बुडालेल्याला बाहेर काढल्यावर श्वास चालत नसेल, तर आधी श्वास द्यायचा, मग छाती दाबायची. एकाने १०८ ला फोन करायचा.

विहिरीवर तर पूलसारखा उथळ काठ नसतो, शुद्ध गेलेला माणूस दिसेनासा होतो. तिथे दम लावायची पैज नकोच. पोहायचं असेल, तर एकाने पाण्याबाहेर राहायचं, हातात दोरी घेऊन. त्याच हातात मोबाइल नको.