फरशीच्या पॉलिशचे यंत्र

फरशी पॉलिश करण्याचे यंत्र दिसायला ओबडधोबड असते. दोन चाकांवर बसवलेली लोखंडी चौकट, तिच्यावर विजेची मोटर, मोटरीच्या खाली जमिनीला समांतर फिरणारी जाड तबकडी आणि मागे धरायला लांब दांडा, एवढाच त्याचा संसार. तबकडीच्या खालच्या अंगाला कार्बोरंडमचे दगड पक्के बसवलेले असतात. मोटर सुरू झाली की तबकडी फिरू लागते, यंत्राच्या वजनाने दगड फरशीवर दाबले जातात आणि पाणी सोडत कारागीर ते यंत्र खोलीभर फिरवत राहतो. गेल्या शतकात मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत मोझॅक, कोटा आणि संगमरवर यांच्या जमिनी घातल्या गेल्या, त्यांतल्या बऱ्याचशा या यंत्राखालून गेल्या आहेत. इमारतींच्या इतिहासात वास्तुविशारदाचे नाव येते, सिमेंटचे येते, लिफ्टचेही येते. या यंत्राची दखल मात्र क्वचितच घेतली जाते.

पॉलिश म्हणजे दगडावर काहीतरी चढवणे, असा सर्वसाधारण समज असतो. मेण किंवा लाख लावली तर ते खरेही आहे, पण दगडाचे खरे पॉलिश हे काढून टाकण्याचे काम आहे. खडबडीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश चारी दिशांना विखुरतो, म्हणून दगड फिकट आणि निस्तेज दिसतो. जाड कणांनी घासले की उंचवटे जातात, पण जाड ओरखडे उरतात. मग त्याहून बारीक कणांनी ते ओरखडे घालवायचे, त्यांच्या जागी बारीक ओरखडे आणायचे, आणि ओरखडे डोळ्यांना दिसेनासे होईपर्यंत हेच करत राहायचे. न्यूटनने १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात काचेच्या पॉलिशबद्दल असेच स्पष्टीकरण दिले होते. या कामाची अट एकच. घासणारा पदार्थ घासल्या जाणाऱ्या दगडाहून कठीण हवा. मोह्सच्या कठीणतेच्या मापावर संगमरवर ३ वर येतो, ग्रॅनाइटमधला फेल्स्पार ६ वर, गारगोटी ७ वर आणि कुरुंद ९ वर. म्हणून गारगोटीच्या वाळूने संगमरवर सहज घासला जातो, पण ग्रॅनाइट हाताने घासताना माणूस थकतो.

तो थकूनही किती पुढे जाऊ शकतो, याचा दाखला बिहारमध्ये गयेजवळच्या बराबर टेकड्यांत आहे. मौर्य काळात, इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात, आजीवक साधूंसाठी तिथे ग्रॅनाइटमध्ये गुहा कोरल्या गेल्या. त्यांच्या आतल्या भिंती आजही आरशासारख्या गुळगुळीत आहेत. अशोकस्तंभांची चकाकीही त्याच काळातली. ते स्तंभ चुनारच्या वालुकाश्माचे आहेत. भूमध्य समुद्राच्या भागात हेच काम नॅक्सॉस बेटावरच्या एमरीने, म्हणजे कुरुंद असलेल्या दगडाने, चाले. संगमरवराच्या पॉलिशसाठी तिथला दगड फार पूर्वीपासून वापरला जात असल्याची नोंद रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकात केली आहे. पदार्थ वेगवेगळे असले तरी पद्धत सगळीकडे तीच होती: पाणी, कठीण कण आणि माणसाचे मनगट. एवढी मजुरी ज्याला परवडे तोच दगडाला चकाकी देऊ शके. त्यामुळे पॉलिश केलेला दगड देवळात, राजवाड्यात आणि थडग्यावर दिसे. साध्या घराच्या जमिनीवर तो येण्याचा प्रश्नच नव्हता.

मनगटाची जागा आधी पाण्याने घेतली. आयर्लंडमधल्या किल्केनी इथे विल्यम कोल्स याने १७३० च्या दशकात नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या चक्कीने संगमरवर कापण्याची आणि पॉलिश करण्याची सोय केली. मग वाफ आली. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या अलेक्झांडर मॅक्डोनाल्ड याने ब्रिटिश म्युझियममधली प्राचीन इजिप्तची ग्रॅनाइटची शिल्पे पाहिली आणि आपल्या गावच्या ग्रॅनाइटला तशी चकाकी देण्याचा ध्यास घेतला. १८३० च्या दशकात वाफेच्या शक्तीने त्याने ते साधले, आणि ॲबर्डीनच्या पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटला इंग्लंडभर मागणी आली. मात्र ही सगळी यंत्रे कारखान्यात एका जागी बसवलेली होती. दगडाने यंत्रापाशी जायचे, असा त्यांचा रिवाज. एकदा घातलेल्या जमिनीपाशी यंत्राने यायचे असेल तर दोन गोष्टी हव्या होत्या: स्वस्त आणि एकसारखा घासणारा पदार्थ, आणि हलवता येईल अशी मोटर.

दोन्ही गोष्टी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, काही वर्षांच्या अंतराने हाती आल्या. निकोला टेस्लाने १८८८ मध्ये इंडक्शन मोटरचे पेटंट घेतले. या मोटरीच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवायला ब्रश लागत नाहीत, त्यामुळे पाणी, चिखल आणि धूळ असलेल्या जागी ती बरीच निर्धोकपणे चालते. १८९१ मध्ये एडवर्ड ॲचेसन या अमेरिकन संशोधकाने चिकणमाती आणि कोक यांचे मिश्रण विजेच्या प्रखर उष्णतेने तापवले, तेव्हा त्याला काही चकचकीत, अतिशय कठीण स्फटिक मिळाले. ते सिलिकॉन कार्बाइड होते, पण त्याला ते कार्बन आणि कोरंडम (म्हणजे कुरुंद) यांचे संयुग वाटले, म्हणून त्याने नाव ठेवले कार्बोरंडम. सुरुवातीला हा पदार्थ रत्ने घासण्यासाठी महागड्या दराने विकला जाई. १८९५ मध्ये ॲचेसनचा कारखाना नायगारा धबधब्यापाशी गेला. तिथल्या मुबलक विजेमुळे हा पदार्थ टनांनी बनू लागला. निसर्गातला कुरुंद खाणीगणिक बदलतो, कार्बोरंडम मात्र चाळून हव्या त्या जाडीचा मिळतो, आणि पॉलिशच्या टप्प्यांना नेमके तेच हवे असते.

पॉलिशच्या फिरत्या यंत्राला पहिली मोठी गिऱ्हाइकी टेराझोने दिली. टेराझो म्हणजे आपण ज्याला मोझॅक म्हणतो ती जमीन: संगमरवराचे बारीक तुकडे चुन्यात किंवा सिमेंटमध्ये कालवून पसरायचे आणि घट्ट झाल्यावर घासून सपाट करायचे. व्हेनिसच्या परिसरातल्या कारागिरांची ही कला. लांब दांड्याला जड दगड बांधून ते उभ्याने जमीन घासत. त्या अवजाराला तिकडे गालेरा म्हणत. फ्रिउलीसारख्या भागातले हे कारागीर कामासाठी युरोपभर आणि अमेरिकेत पांगले. अमेरिकेत १९२० च्या दशकात विजेवर चालणारी घासण्याची यंत्रे आणि रंगांचे भाग वेगळे ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्या या दोन गोष्टी रूढ झाल्या, आणि टेराझो एकदम स्वस्त झाला. शाळा, स्टेशने, इस्पितळे, सरकारी कचेऱ्या अशा सगळीकडे तो पोहोचला.

महाराष्ट्रात त्या वेळी जमिनीचे चित्र निराळे होते. बहुतेक घरांत सारवलेली जमीन, थोड्या बऱ्या परिस्थितीत कोबा, आणि त्याहून वर शहाबादी फरशी. शहाबाद हे मुंबईहून सोलापूरमार्गे रायचूरला जाणाऱ्या रेल्वेवरचे गाव. हा मार्ग १८७१ मध्ये रायचूरपर्यंत पुरा झाला आणि ही थरांनी निघणारी चुनखडीची फरशी गावोगाव जाऊ लागली. ती छिन्नीने कडा सरळ करून तशीच बसवली जाई. वर्षानुवर्षे पाय आणि ओली फडकी लागून गुळगुळीत होई तेवढेच तिचे पॉलिश. मुंबईच्या श्रीमंत इमारतींत इंग्लंडहून आलेल्या मिंटनच्या टाइल्स होत्या. त्यांना देशी उत्तर म्हणून फिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी १९२२ मध्ये भारत टाइल्सची स्थापना केली. कारखाना उरणला होता. या टाइल्स दाबयंत्रात साच्यातूनच गुळगुळीत निघत, त्यांना जड घासणी लागत नसे. संगमरवराचे तुकडे घातलेल्या मोझॅकचे मात्र तसे नाही. घासल्याशिवाय त्यातला दगड दिसतच नाही, वर नुसते सिमेंट दिसते.

यंत्राला लागणारी वीज मुंबईत तोवर आलेली होती. ट्रामवे कंपनीने १९०५ पासून शहरात वीज द्यायला सुरुवात केली आणि १९१५ पासून खोपोलीची टाटांची जलविद्युत मिळू लागली. १९३० आणि ४० च्या दशकांत बॅकबेच्या भरावावर मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या काठच्या आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्या प्रवेशदालनांत, जिन्यांवर आणि गच्चीकडच्या मार्गांवर मोझॅक भरपूर दिसतो. घासण्याचे दगडही मग देशात बनू लागले. १९४१ मध्ये मुंबईजवळ मोरा इथे ग्राइंडवेलचा कारखाना निघाला. मोरा हे उरणचेच बंदर, म्हणजे टाइल्स आणि घासण्याची सामग्री यांचे मुंबईजवळचे दोन जुने पत्ते खाडीपलीकडे एकमेकांच्या शेजारी होते. १९५४ मध्ये मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल सुरू झाली.

मोझॅकचा खरा काळ स्वातंत्र्यानंतरचा. हाउसिंग बोर्डाच्या वसाहती, सरकारी क्वार्टर्स, बँका, एस.टी. स्थानके, शाळा यांना टिकाऊ, स्वस्त आणि झाडून-पुसून स्वच्छ राहील अशी जमीन हवी होती. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांत मोझॅक टाइल्सचे लहान कारखाने निघाले. १९५९ मध्ये सिमेंटच्या टाइल्ससाठी आयएस १२३७ हे भारतीय मानक आले. दहा इंची, म्हणजे २५ सेंटिमीटरच्या टाइलची जाडी त्यात २२ मिलिमीटर धरली आहे. त्या जाडीतला वरचा जेमतेम ५-६ मिलिमीटरचा थर संगमरवरी चिप्सचा, खालचे सगळे साधे सिमेंट आणि वाळू. पॉलिशवाल्याचे राज्य त्या ५-६ मिलिमीटरवर.

टाइल बसवल्यावर सुमारे चौदा दिवस थांबावे लागते, नाहीतर कच्च्या सिमेंटमधून चिप्स उपटून येतात. मग पहिला हात ६० नंबरच्या जाड दगडाचा. या हाताला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण गवंड्याने वर-खाली बसवलेल्या टाइल्सच्या कडा याच टप्प्यात एका पातळीत येतात. जमिनीवर दाट राखाडी राडा साचतो. तो रबराच्या पट्टीने ओढून बादलीत भरावा लागतो. न्हाणीच्या जाळीतून तो खाली गेला तर पाइपात सिमेंटसारखा बसतो, आणि खालच्या मजल्यावरच्यांशी भांडण ठरलेले. जमीन धुतली की टाइलमधली बारीक भोके दिसतात. टाइलच्याच रंगाच्या सिमेंटची पातळ लापशी करून ती भरतात आणि ते सिमेंट घट्ट होऊ देतात. दुसरा हात ८० नंबरचा, तिसरा १२० चा. शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पूड भुरभुरून, पाणी शिंपडून, नमद्याच्या किंवा गोणपाटाच्या गठ्ठ्याने रगडतात. हे आम्ल संगमरवराशी किंचित रासायनिक प्रक्रिया करते आणि जमीन एकदम उजळते. घाईच्या ठेक्यात मधला हात गाळून ॲसिडवर भिस्त ठेवतात. अशी जमीन ताबा घेण्याच्या दिवशी चमकते आणि वर्षभरात मलूल होते. तिरप्या उजेडात पाहिले तर तिच्यावर ६० नंबरचे गोल ओरखडे स्पष्ट दिसतात.

यंत्र चालवणे हे ताकदीपेक्षा तोल सांभाळण्याचे काम आहे. दांडा थोडा उचलला की तबकडी एका बाजूला ओढते, थोडा दाबला की दुसऱ्या. सराईत माणूस ही ओढ वापरून यंत्र जवळजवळ न ढकलता फिरवतो. एका जागी रेंगाळले तर तिथे खळगा पडतो, आणि तो नंतर निघत नाही. गोल तबकडी कोपऱ्यात पोहोचत नाही. त्यामुळे कोपरे, उंबरे, स्कर्टिंग आणि जिन्याच्या पायऱ्या हाताच्या दगडानेच घासाव्या लागत. जर्मनीतल्या एका कारखान्याने १९५४ मध्ये आणलेल्या वेगवान अँगल ग्राइंडरने पुढे हे काम घेतले. मजुरी चौरस फुटावर, आणि कोपऱ्यांचा वेगळा हिशोब बहुधा नसेच.

धोकेही या कामाला चिकटलेले आहेत. ओल्या जमिनीवर तीन फेजची मोटर, ठिगळ लावलेली केबल आणि अनवाणी पाय हे दृश्य बांधकामांवर नवे नाही. अर्थिंग नीट असणे आणि पायांत गमबूट असणे ही किमान गरज, पण दोन्ही गोष्टी कारागिराच्या हातात नसतात. दुसरा धोका फुप्फुसांचा. सिमेंटच्या वाळूत आणि ग्रॅनाइटमध्ये सिलिका असते. तिची बारीक धूळ श्वासात जाऊन सिलिकोसिस होतो, आणि त्यावर खात्रीचा उपाय नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला रोग ठरवला होता. जुने जड यंत्र पाण्यात चालत असल्याने धूळ दाबली जाई. कोरड्या चालणाऱ्या ग्राइंडरने मात्र ती हवेत उडते. या बाबतीत नवे अवजार जुन्यापेक्षा वाईट ठरले, हे मान्य करायला हवे.

यंत्रामुळेच कोटा दगडालाही बाजार मिळाला. राजस्थानात रामगंजमंडीच्या आसपास निघणारा हा हिरवट चुनखडीचा दगड बारीक पोताचा आहे आणि यंत्राखाली चांगला उजळतो. रेल्वेचे फलाट, इस्पितळांचे व्हरांडे आणि शाळांचे जिने त्याने भरून गेले. हिऱ्याच्या कणांचे पॅड आल्यावर संगमरवर आणि ग्रॅनाइट यांचे पॉलिश आणखी जलद झाले. कृत्रिम हिरा जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९५५ मध्ये जाहीर केला होता. त्याच्या स्वस्त कणांचे पॅड पुढे बांधकामांवर पोहोचले, आणि परदेशी संगमरवराच्या फ्लॅटमध्ये ‘डायमंड पॉलिश’ हा वेगळा दर झाला.

१९९० नंतर व्हिट्रिफाइड टाइल्स आल्या आणि गणित उलटले. मोरबीसारख्या ठिकाणी कारखान्यात भाजून, पॉलिश करूनच निघालेली टाइल बसवली की काम संपते. चौदा दिवस थांबणे नाही, राडा नाही, खालच्या मजल्यावरच्यांशी भांडण नाही. दगडाने यंत्रापाशी जाण्याचा ॲबर्डीनचा रिवाज परत आला. तालुक्यातले मोझॅकचे कारखाने एकामागून एक बंद पडले. पॉलिशच्या यंत्राला आता काम मिळते ते मुख्यतः संगमरवराच्या नव्या जमिनींवर आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत. या दुरुस्तीत जुना मोझॅक अजूनही सरस ठरतो. पन्नास-साठ वर्षे वापरलेल्या टाइलचा चिप्सचा थर शिल्लक असेल तर ती पुन्हा घासून नव्यासारखी होते. ग्लेझ केलेल्या टाइलवर ओरखडा पडला तर ती फोडून बदलावीच लागते.