पिशवीतले बियाणे आणि संगणकातली आज्ञावली

बियाण्याची पिशवी फोडून दाणे तळहातावर घेतले, तरी वाण शुद्ध आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. ते कळते रोपे वाढल्यावर. तोवर शेतकऱ्याचा हंगाम हातचा गेलेला असतो. मग त्याने विश्वास ठेवावा कशावर?

जालन्याला हा प्रश्न जुना आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे 'महिको' ही बियाणे कंपनी स्थापन केली. १९६६ साली देशात बियाणे कायदा झाला. प्रमाणित बियाण्याची तपासणी बीजोत्पादनाच्या शेतातच सुरू होते. मूळ बियाणे कोणते, शेजारच्या पिकापासून अंतर पुरेसे आहे का, भेसळीची झाडे वेळीच उपटली का, हे पाहिले जाते. दाण्याचा भरवसा तो तयार करण्याच्या रीतीतून येतो.

सॉफ्टवेअरची अडचण याच जातीची आहे. मोठ्या आज्ञावलीतील प्रत्येक वाट तपासून पाहणे अशक्य असते. कामे लांबतात, खर्च वाढतो, दोष उरतात, याची उघड चर्चा १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथील परिषदेत झाली. पुढे १९८४ साली अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून कार्नेगी मेलन विद्यापीठात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. कंत्राटदाराची कुवत आधीच कशी जोखावी, हा त्या खात्याचा प्रश्न होता. वॉट्स हम्फ्री यांनी कारखान्यांतील गुणवत्ता-नियंत्रणाचा विचार तेथे सॉफ्टवेअरला लावला. त्यातून १९९१ साली पाच पायऱ्यांचा आराखडा प्रसिद्ध झाला.

पहिल्या पायरीवर काम एखाद्याच्या हुशारीवर चालते. तो गेला की अडते. दुसऱ्या पायरीवर वेळ व खर्च यांचे नियोजन असते, त्यामुळे एकदा जमलेले पुन्हा जमते. तिसऱ्या पायरीवर साऱ्या संस्थेची एक लेखी पद्धत ठरते. चौथ्या पायरीवर कामाचे व दोषांचे मोजमाप होते. पाचव्या पायरीवर दोषाचे मूळ शोधून पद्धतच सुधारली जाते.

१९९३ साली मोटोरोलाचे बंगलोर येथील केंद्र पाचव्या पायरीवर पोचले. पुढे अनेक भारतीय कंपन्याही पोचल्या. त्यांचा ग्राहक सातासमुद्रापलीकडे होता. पिशवी विकत घेणाऱ्या शेतकऱ्यासारखाच तोही काम होताना पाहू शकत नव्हता.

मात्र पायरी म्हणजे गुणवत्ता नव्हे. चुकीची वस्तूही शिस्तीत बनवता येते, आणि नोंदी केवळ तपासनिसासाठी भरता येतात. आम्ही संशोधक प्रयोगाची नोंदवही ठेवतो ती चूक कोठे झाली हे मागे जाऊन शोधता यावे म्हणून. तो शोध थांबला की वही नुसती रद्दी होते.

शिक्षकांना हा फरक सहज पटेल. अपूर्णांकांच्या बेरजेत वर्गातील निम्मी मुले दरवर्षी तीच चूक करीत असतील, तर लाल शाईने ती दुरुस्त करणे ही तपासणी झाली. ती चूक कोणत्या पाठात रुजते हे शोधून पुढच्या वर्षी तो पाठ वेगळ्या रीतीने घेणे, ही पाचवी पायरी. त्यासाठी प्रमाणपत्र लागत नाही.