केसपेपर

केसपेपर म्हणजे रुग्णालयात किंवा दवाखान्यात उपचारासाठी आलेल्या व्यक्तीच्या नावे काढला जाणारा वैद्यकीय नोंदीचा कागद होय. रुग्णाचे नाव, वय, लिंग, पत्ता, तक्रार, तपासणीतील निष्कर्ष, निदान आणि औषधयोजना यांची नोंद त्यावर केली जाते. त्यासाठी ‘रुग्णपत्रिका’ असा प्रतिशब्द योजता येतो. तथापि महाराष्ट्रात बोलण्यात ‘केसपेपर’ हाच शब्द रूढ आहे आणि ‘केसपेपर काढणे’ हा वाक्प्रयोग आता मराठीचाच झाला आहे. संगणकीय आरोग्य नोंदींचा जो विचार सध्या होतो, त्याचे मूळ एकक हा कागदच आहे.

स्वरूप

सरकारी रुग्णालयात केसपेपर नोंदणीच्या खिडकीवर मिळतो. कारकून रुग्णाला नोंदणी क्रमांक देतो आणि तोच क्रमांक बाह्यरुग्ण नोंदवहीत चढवला जातो. डॉक्टर तक्रार व तपासणी थोडक्यात लिहून खाली औषधे लिहितात. औषधांच्या वेळा पुष्कळदा १-०-१ अशा आकड्यांत दाखवतात: सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क झाले आणि केसपेपरचे शुल्कही माफ झाले.

बाह्यरुग्णाचा केसपेपर तपासणीनंतर बहुधा रुग्णाबरोबर घरी जातो. रुग्णालयाकडे उरते ती नोंदवहीतील एक ओळ. म्हणजे रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या माणसाचा दहा वर्षांचा इतिहास त्याच्या घरातील प्लास्टिकच्या पिशवीत असतो. पिशवी हरवली, पावसात भिजली किंवा घाईत घरीच राहिली, तर पुढच्या डॉक्टरला सारे प्रश्न नव्याने विचारावे लागतात. आधी कोणत्या औषधाने अंगावर पुरळ आले होते, हे रुग्णाच्या स्मरणावर अवलंबून राहते. या व्यवस्थेचा एक गुण मात्र दुर्लक्षू नये: नोंद रुग्णाच्या ताब्यात असते आणि ती दुसऱ्या दवाखान्यात दाखवण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

आंतररुग्णाची फाइल याहून मोठी असते. ताप-नाडीचा तक्ता, परिचारिकांच्या नोंदी, संमतिपत्र, शस्त्रक्रियेचे टिपण, चाचण्यांचे अहवाल असे कागद तीत एकत्र बांधले जातात. रुग्णाला डिस्चार्ज कार्ड मिळते व फाइल रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये जाते.

कायदेशीर बाजू

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत कागदपत्रे द्यावी लागतात. नोंदी लवकर सापडाव्यात म्हणून त्या संगणकावर घेण्याचा प्रयत्न करावा, असेही त्याच विनियमांत म्हटले आहे. औषधांची जेनेरिक नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, अशी दुरुस्ती २०१६ मध्ये झाली.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. तेव्हापासून केसपेपरला पुराव्याचे महत्त्व अधिक आले. आपल्याला हे कागद मागण्याचा हक्क आहे, ही गोष्ट पुष्कळ नातेवाइकांना ठाऊक नसते.

वढू येथील नोंदपद्धती

केसपेपर दवाखान्यात आलेल्याचीच नोंद ठेवतो. जो आलाच नाही, त्याची नाही. गावात किती मुले जन्मली, किती माणसे कशाने गेली, हे त्यावरून कळत नाही. ही उणीव भरून काढण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न पुणे जिल्ह्यात, कोरेगाव भीमाजवळच्या वढू बुद्रुक येथे झाला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. सार्वजनिक सेवेसाठी त्यांना १९९३ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

के. ई. एम. रुग्णालय संशोधन केंद्राने २००२ मध्ये वढू येथे आरोग्य व लोकसंख्या निरीक्षण प्रणाली सुरू केली. शिरूर व हवेली तालुक्यांतील २२ गावे तिच्या कक्षेत घेतली गेली. तिची रीत केसपेपरच्या उलट आहे: रुग्ण खिडकीपाशी येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते ठरावीक काळाने प्रत्येक घरी जातात. आरंभी सर्व कुटुंबांची गणना करून प्रत्येक व्यक्तीला कायम क्रमांक दिला जातो. त्यानंतरच्या प्रत्येक फेरीत जन्म, मृत्यू, गर्भारपण, गावात येणे आणि गाव सोडणे एवढ्या घटना नोंदवल्या जातात. घरी मृत्यू झाला असेल, तर शेवटच्या आजारातील लक्षणे नातेवाइकांना विचारून त्यांवरून डॉक्टर मृत्यूचे संभाव्य कारण ठरवतात. या पद्धतीला मौखिक शवचिकित्सा म्हणतात.

ही जागा अशा नोंदींसाठी सोपी नव्हे. पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर या पट्ट्यात कारखाने वाढले आणि त्यांच्याबरोबर मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश व बिहार येथून कामगार आले. भाड्याच्या खोलीत आज राहणारे कुटुंब पुढच्या फेरीत तेथे असेलच असे नाही. म्हणून स्थलांतराची नोंद येथे जन्म-मृत्यूइतकीच मोलाची ठरते; किंबहुना ती चुकली, तर लोकसंख्येचा हिशेबच जुळत नाही.

अशा नोंदींचा उपयोग केवळ आकडेवारीपुरता नाही. रोटाव्हायरसमुळे होणाऱ्या अतिसारावरील रोटाव्हॅक या भारतीय लशीची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे अशा तीन केंद्रांवर ६,७९९ बालकांवर झाली. त्यातील पुण्याचे केंद्र वढूचे होते. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०१६ पासून ही लस सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात येऊ लागली. बालके कोणत्या घरी आहेत आणि पुढे त्यांचे काय झाले, याचा माग राहिल्याशिवाय अशी चाचणी होऊच शकत नाही.

संगणकीकरण

रुग्णनोंदीला शिस्त हवी, हा विचार संगणकाआधीचा आहे. अमेरिकी वैद्य लॉरेन्स वीड यांनी १९६८ मध्ये रुग्णाच्या समस्येनुसार नोंद मांडण्याची पद्धत सविस्तर मांडली. रुग्णाचे म्हणणे, तपासणीत दिसलेले, डॉक्टरांचे अनुमान आणि पुढील योजना हा तिचा क्रम आजच्या बहुतेक संगणकीय नमुन्यांतही दिसतो.

भारत सरकारने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर केली व २०१६ मध्ये सुधारली. या मानकांसाठीचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्यात सी-डॅक या संस्थेत आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनची देशव्यापी सुरुवात २७ सप्टेंबर २०२१ रोजी झाली. त्यात नागरिकाला ‘आभा’ नावाचा १४ अंकी क्रमांक मिळतो. नोंदी एका मध्यवर्ती भांडारात न ठेवता त्या जिथे तयार झाल्या तिथेच राहाव्यात आणि रुग्णाच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरला दिसाव्यात, अशी ही रचना आहे. सणसवाडीतील कामगार दिवाळीला गावी गेला आणि तेथे आजारी पडला, तर त्याची पिशवी खोलीवर राहिली तरी अडू नये, हा तिचा उद्देश. मात्र गावाकडच्या डॉक्टरकडे संगणक नसेल, किंवा शिरूरच्या दवाखान्याने तपासणीची नोंद चढवलीच नसेल, तर क्रमांक जवळ असूनही त्यामागे वाचण्यासारखे काही नसते.

संगणकावर सर्वस्वी विसंबण्यातील धोका २०२२ मध्ये दोनदा दिसला. राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अनेक वर्षे वापरात असलेली माहिती व्यवस्थापन प्रणाली त्या वर्षी जुलैत बंद पडली आणि नोंदी पुन्हा हाताने लिहाव्या लागल्या. २३ नोव्हेंबरला दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर सायबर हल्ला झाला. तेथेही कित्येक दिवस कामकाज कागदावर चालले. कोऱ्या केसपेपरचा गठ्ठा कपाटात ठेवण्याची जुन्या कारकुनांची सवय अगदीच निरर्थक नाही.

छपाई

संगणक आला की कागद संपेल, हा समज अनुभवास उतरलेला नाही. ॲबिगेल सेलन आणि रिचर्ड हार्पर यांनी २००१ च्या ‘द मिथ ऑफ द पेपरलेस ऑफिस’ या पुस्तकात कार्यालयांत ई-मेल आल्यावर कागदाचा वापर सरासरी ४० टक्क्यांनी वाढल्याचे म्हटले आहे. रुग्णालयात कारणे आणखी आहेत: केसपेपर, नमुन्याच्या बाटलीवरील बारकोडची पट्टी, अहवाल, बिल, डिस्चार्ज कार्ड हे सारे छापले जाते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांत उपचारांची पूर्वमंजुरी ऑनलाइन मिळते. त्यासाठी छापील व हस्तलिखित कागद स्कॅन करून पुन्हा संगणकावर चढवावे लागतात.

या खर्चातूनच छपाई व्यवस्थापन हा व्यवसाय निर्माण झाला. पुरवठादार रुग्णालयातील यंत्रे व महिन्याची पाने मोजतो, यंत्रे भाड्याने देतो आणि टोनर व दुरुस्तीसह पानामागे दर आकारतो. करार करताना महिन्याला किमान किती पानांचे पैसे द्यावेच लागतील, हे कलम नीट वाचावे. छोट्या रुग्णालयाचे नुकसान होण्याचा संभव तेथेच असतो. कर्मचाऱ्याने यंत्रापाशी आपले कार्ड दाखवल्यावरच पान बाहेर येणे ही सोय विक्रेते कागदाच्या बचतीसाठी पुढे करतात. तिचा खरा उपयोग गोपनीयतेसाठी आहे, कारण एचआयव्ही तपासणीचा अहवाल सामाईक यंत्राच्या ट्रेमध्ये उघडा पडून राहणे ही नोंद फुटण्याचीच रीत होय. टिकाऊपणाही पाहावा लागतो. इंकजेटची शाई पाण्याने पसरते, लेझर छपाई टिकते, आणि थर्मल कागदावरील ईसीजी उष्णतेने व काळाने फिका होतो; म्हणून त्याची झेरॉक्स लगेच काढून ठेवतात.

नाव, लिपी आणि भाषा

संगणकीय नोंदीत एकाच माणसाच्या दोन नोंदी होण्याचे एक मोठे कारण नावाचे लेखन हे आहे. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव रोमन लिपीत कोणी ‘डी’ने, कोणी ‘जी’ने, तर कोणी ‘जे’ने सुरू करतो. स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे व सासरचे नाव हा आणखी एक घोळ. देवनागरीत ही अडचण पुष्कळ कमी होते. भारतीय लिप्यांसाठीचे जिस्ट तंत्रज्ञान सी-डॅकमध्येच वाढले असले, तरी रुग्णालयांतील नोंदणी बहुतांशी रोमन लिपीतच होते.

नोंदीची भाषाही इंग्रजीच आहे. संमतिपत्र बहुधा मराठीत छापलेले असते, कारण त्यावर रुग्णाची सही लागते. डिस्चार्ज कार्ड मात्र, जे घरी नेऊन रुग्णाला आणि त्याची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसांना वापरायचे असते, सर्वसाधारणपणे इंग्रजीत लिहिले जाते. पथ्य आणि पुन्हा दाखवायला येण्याची तारीख तेवढी काही ठिकाणी मराठीत असते.