कापूस, भाडे आणि कर्जरोखे : सर्वसाधारण समतोलाची मुंबईतली कहाणी

१/ १२ एप्रिल १८६१. अमेरिकेत फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या आणि यादवी युद्धाला तोंड फुटले. पुढच्या चार वर्षांत या तोफांनी मुंबईची घरभाडी चढवली, गिरगावच्या किनाऱ्यावर समुद्र बुजवण्याचे बेत आखायला लावले आणि शेवटी शहर दिवाळखोरीत लोटले. हजारो मैलांवरचे युद्ध इतक्या दारांतून आत शिरले तरी कसे? 🧵

२/ लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून येई. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि मँचेस्टरची नजर मुंबईकडे वळली. इथला ‘सुरती’ कापूस आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला. एरवी इंग्रज गिरणीवाले त्याला नाक मुरडत. आता तोच कुलाब्याच्या कॉटन ग्रीनवरून कित्येक पट भावाने जहाजांवर चढू लागला.

३/ इथवर गोष्ट एकाच बाजाराची आहे. पुरवठा घटला, भाव चढला. बाकी सर्व काही स्थिर आहे असे धरून एकच बाजार पाहण्याच्या या रीतीला अर्थशास्त्रात ‘आंशिक समतोल’ म्हणतात. पण त्या काळच्या मुंबईत स्थिर असे काही उरलेच नव्हते.

४/ कापसाच्या मोबदल्यात बंदरात चांदी उतरू लागली. शेतकऱ्यांनी धान्याची जमीन कापसाखाली आणली, तेव्हा धान्य महागले. चांदीच्या वासाने माणसे मुंबईत लोटली. १८६४च्या शिरगणतीत शहराची वस्ती ८,१६,५६२ भरली. माणसे वाढली तशी भाडी आणि मजुरी चढली. भाडी चढली तसा जमिनीचा भाव चढला. आणि जमीन पुरेना म्हणून समुद्रातूनच ती काढण्याचे बेत आखले गेले.

गिरगावच्या पश्चिमेला पसरलेल्या बॅक बेमध्ये भराव घालण्यासाठी कंपनी निघाली. पाच हजार रुपये भरलेल्या तिच्या शेअरला त्याच्या अनेक पट भाव आला. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याच्या होकारावर बँका कर्जे देत. जानेवारी १८६५ मध्ये मुंबईत ३१ बँका आणि ८ जमीन कंपन्या होत्या!

५/ या साखळीतली सर्वांत विलक्षण कडी मात्र ताडदेवची. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतली पहिली कापड गिरणी तिथे उभारायला घेतली होती. कापसाला सोन्याचे दिवस आले म्हणजे कापूस गिरण्यांची चंगळ झाली असेल, असे कुणालाही वाटेल. घडले उलटे. कच्चा माल आवाक्याबाहेर गेल्याने या बाल्यावस्थेतल्या उद्योगाची वाढ खुंटली. हातमागाच्या विणकऱ्यांचेही तेच झाले. कापसाच्या सुगीत कापडवालेच उपाशी राहिले. एकाच बाजारावर नजर ठेवणाऱ्याला हे कधी दिसले नसते.

६/ ही परस्परावलंबनाची जाळी समीकरणांत बांधली लेओं वालरा या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाने. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे शिकवत असताना १८७४ मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध होऊ लागला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: कापसाची मागणी केवळ कापसाच्या भावावर अवलंबून नसते, ती ज्वारी, मजुरी, भाडे, व्याज अशा सर्वच भावांवर अवलंबून असते. म्हणून सारे बाजार एकाच वेळी सोडवायला हवेत. सर्व बाजारांत मागणी आणि पुरवठा एकाच वेळी जुळवणारी भावांची मांडणी म्हणजे ‘सर्वसाधारण समतोल’. अशी मांडणी कोणत्या अटींवर अस्तित्वात असते, याची काटेकोर गणिती सिद्धता केनेथ अ‍ॅरो आणि जेरार्ड डेब्रू यांनी १९५४ मध्ये दिली.

७/ उपयोग काय? ‘खतावरचे अनुदान काढले तर?’ या प्रश्नाचे उत्तर खताच्या दुकानात संपत नाही. धान्याचा भाव, शेतमजुराची मिळकत, सरकारची तिजोरी, शहरातला कापडाचा खप, सगळे हलते. नॉर्वेच्या लेइफ योहान्सन यांनी १९६० मध्ये प्रत्यक्ष आकडे घालून असे प्रारूप चालवून दाखवले. भारतासाठी एन. एस. एस. नारायण, किरीट पारीख आणि टी. एन. श्रीनिवासन यांनी शेती आणि उत्पन्नवाटप यांचे असे प्रारूप बांधले. त्यांचा ग्रंथ १९९१चा. पारीख गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे संस्थापक संचालक.

८/ पण वालराच्या यंत्रात एक गोम आहे. योग्य भाव सापडतात कसे? जणू एक लिलाव पुकारणारा भाव पुकारतो, मागणी-पुरवठा पाहतो, भाव बदलून पुन्हा पुकारतो; आणि सर्व बाजार जुळेपर्यंत एकही सौदा होत नाही. मुंबईत असा पुकारणारा नव्हता. इथे सौदे आधी झाले, आणि तेही उद्याच्या भावावर, उधारीने.

९/ ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. अमेरिकेचा कापूस परतणार हे कळताच भाव कोसळले. १ जुलै हा वायद्याचे सौदे पुरे करण्याचा दिवस होता. देणे प्रत्येकाच्या डोक्यावर, रोकड कुणाकडेच नाही. पेढ्या बुडाल्या, प्रेमचंद बुडाले, १८६८ मध्ये जुनी बँक ऑफ बॉम्बेही गुंडाळली गेली.

१०/ समीकरणांच्या दृष्टीने ही साधी घटना ठरते: धक्का आला, धक्का गेला, भाव पूर्वीच्या दिशेने परतले. चढती बाजू हे प्रारूप सुरेख उलगडते. उतरत्या बाजूला ते अडखळते. कारण भाव खाली येतो तेव्हा रोख्यावर लिहिलेला आकडा खाली येत नाही.

११/ याची झळ देशावर पोहोचली. तेजीच्या वर्षांत शेतकऱ्याची पत वाढली होती, सावकार हात सैल सोडून कर्ज देत होते. मग शेतमालाचे भाव उतरले, नव्या पाहणीने सारा मात्र वाढला, आणि सावकाराने हात आखडला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी उठाव झाला आणि तो पुणे-नगरच्या गावांत पसरला. जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे हिसकावून जाळले जात होते. १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांच्या कर्जासाठी वेगळा कायदा करावा लागला.

१२/ आणि मुंबई? स्वस्त झालेल्या कापसावर १८७०च्या दशकात गिरण्या पुन्हा उठू लागल्या. पुढे परळ-लालबागच्या परिसरात चिमण्यांची दाटी झाली आणि कोकणातून कामगार येत राहिले. तरी १८७२च्या गणनेत शहराची वस्ती ६,४४,४०५ इतकीच भरली आणि १८८१ मध्येही ती ७,७३,१९६ होती. तेजीच्या वर्षातला १८६४चा आकडा मुंबईने ओलांडला तो थेट १८९१च्या गणनेत.