सेरो सर्वेक्षण : रक्तातील साक्ष आणि तिचा अर्थ

जुलै २०२०च्या अखेरीस मुंबईत जाहीर झालेल्या दोन आकड्यांनी साऱ्यांनाच चकित केले. दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या परिसरांतील तीन पालिका विभागांत झालेल्या रक्तचाचण्यांत झोपडपट्ट्यांतील ५७ टक्के, तर इमारतींतील १६ टक्के रहिवाशांच्या रक्तात करोनाविरोधी प्रतिपिंडे आढळली. त्या वेळी संपूर्ण शहरात नोंद झालेले रुग्ण सुमारे १ लाख १० हजार होते. सव्वा कोटींच्या लोकवस्तीत हे प्रमाण एक टक्काही भरत नाही. नोंदवहीतील मुंबई आणि रक्तातील मुंबई यांत एवढी तफावत कशी, हा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला.

विषाणू शरीरात शिरला की प्रतिकारशक्ती त्याच्याविरुद्ध विशिष्ट प्रथिने तयार करते. हीच प्रतिपिंडे. विषाणू निघून गेल्यावरही ती काही महिने, काही आजारांत तर आयुष्यभर, रक्तात राहतात. नाका-घशातील स्रावाची आरटी-पीसीआर चाचणी आज विषाणू आहे का एवढेच सांगते. रक्तचाचणी तो कधी येऊन गेला का, हे सांगते. ज्याला साधा खोकलाही आला नाही, जो कधी तपासणी केंद्रावर गेला नाही, त्याचीही गणना त्यामुळे होते. मात्र आयजीजी प्रकारची प्रतिपिंडे मोजण्याइतकी वाढण्यास साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणजे जुलैच्या पूर्वार्धात घेतलेल्या नमुन्यांतून चित्र उमटले ते जूनमधील मुंबईचे.

या साऱ्याचा पाया नमुना निवडीचा आहे. रक्त देण्यास स्वतःहून पुढे येणारे लोक बहुधा शंका आलेलेच असतात, त्यामुळे घरे यदृच्छेने निवडावी लागतात. निती आयोग, महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी राबवलेल्या मुंबईतील मोहिमेत ८,८७० नमुन्यांचे उद्दिष्ट होते. हाती आले ६,९३६. झोपडपट्ट्यांतील उद्दिष्ट पूर्ण झाले, कमी पडल्या त्या इमारती. शिवाय शहर म्हणजे एकजिनसी वस्ती नव्हे. पुण्यात जुलै-ऑगस्ट २०२०मध्ये पाच प्रभागांत झालेल्या सर्वेक्षणाची सरासरी ५१.५ टक्के होती, पण प्रभागनिहाय प्रमाण ३६ पासून ६५ टक्क्यांपर्यंत पसरलेले होते. अशा ठिकाणी सरासरी बरेच काही झाकून टाकते.

दुसरी अडचण चाचणीच्या चुकांची, आणि ती वाटते त्याहून घातक आहे. समजा, एखादी चाचणी शंभर निरोगी व्यक्तींपैकी एकीला चुकून ‘बाधित’ ठरवते. वस्तीतील निम्मे लोक बाधित असतील तर हजारात जेमतेम पाच जण चुकीने मोजले जातील. त्याने फारसे बिघडत नाही. पण खरा प्रसार एकच टक्का असेल, तर हजारात दहा खरे बाधित आणि जवळपास तेवढेच खोटे! एप्रिल २०२०मध्ये अमेरिकेतील सांता क्लारा परगण्यात नेमका हाच वाद पेटला. तेथे फेसबुकवरील जाहिरातींतून आलेल्या ३,३३० जणांपैकी ५० जणांची चाचणी सकारात्मक ठरली, म्हणजे दीड टक्का. त्यावरून संशोधकांनी खरा प्रसार नोंदलेल्या रुग्णांच्या किमान पन्नास पट असल्याचे अनुमान काढले. संख्याशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की चाचणीची चूक दीड टक्क्याच्या घरात असेल, तर ते पन्नासच्या पन्नास जण खोटे ठरू शकतात. हा दोष वजा करण्याचे रोगन-ग्लॅडन सूत्र १९७८पासून उपलब्ध आहे; पण चाचणीची चूक नेमकी ठाऊक नसेल, तर सूत्र तरी काय करणार?

नात्यातल्या विषाणूंमुळेही फसगत होते. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राशी संबंधित शास्त्रज्ञांनी १९५४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९६ भारतीयांपैकी ३३ जणांच्या रक्तात झिका विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे आढळली होती. ती खरोखर झिकाची, की डेंग्यूसारख्या त्याच कुळातील विषाणूंची, याबद्दल शंका आजही घेतली जाते.

मुंबईत ऑगस्ट २०२०मध्ये दुसरी फेरी झाली, तेव्हा झोपडपट्ट्यांतील प्रमाण ५७ वरून ४५ टक्क्यांवर ‘घसरले’. एकदा झालेली लागण पुसली जात नाही. ओसरली होती ती प्रतिपिंडे. विषाणूच्या आतील न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे तुलनेने लवकर विरतात आणि तेथील चाचणी त्यांचाच शोध घेत होती. त्यामुळे उशिरा केलेले सर्वेक्षण कमी आकडा देऊ शकते.

प्रतिपिंडे सापडणे आणि संरक्षण मिळणे यांत अंतर आहे, याचा विसर मात्र महागात पडला. ५७ टक्क्यांचा आकडा येताच सामूहिक प्रतिकारशक्तीची चर्चा रंगली. ब्राझीलमधील मनौस शहरात रक्तदात्यांच्या नमुन्यांवरून ऑक्टोबर २०२०पर्यंत ७६ टक्के लोक बाधित झाल्याचा अंदाज होता, तरीही जानेवारी २०२१मध्ये तेथील रुग्णालये पुन्हा भरली आणि प्राणवायू अपुरा पडला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत मे-जून २०२०मध्ये प्रौढांतील प्रमाण ०.७३ टक्के होते. डिसेंबर-जानेवारीच्या तिसऱ्या फेरीत ते २१ टक्क्यांच्या आसपास पोहोचले. पाचातील चौघे अद्याप धोक्यात आहेत, असाच त्याचा सरळ अर्थ होता, आणि परिषदेनेही फेब्रुवारी २०२१मध्ये तसे बजावले होते. लोकांच्या मनात मात्र साथ संपल्याची भावना होती.

मुंबईला खरा इशारा दिला होता तो ५७ने नव्हे, १६ने. इमारतींतील दर सहापैकी पाच रहिवाशांच्या रक्तात प्रतिपिंडे नव्हती. फेब्रुवारी-मार्च २०२१मध्ये दुसरी लाट उसळली, तेव्हा नवे रुग्ण प्रामुख्याने इमारतींतच सापडू लागले.

मृत्यूदराचा हिशेबही याच आकड्यांवर बेततो. नोंदलेल्या मृत्यूंना अंदाजित बाधितांच्या संख्येने भागले, की मुंबईत हा दर ०.०५ ते ०.१० टक्के निघाला. बाधित सर्वेक्षणातून मोजायचे आणि मृत्यू मात्र नोंदवहीतून घ्यायचे, तर नोंदवहीत सुटलेला प्रत्येक मृत्यू हा दर खोटाच कमी दाखवतो.

जानेवारी २०२१मध्ये लसीकरण सुरू झाल्यावर गुंता वाढला. कोविशिल्ड केवळ विषाणूच्या काटा प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते, तेव्हा न्यूक्लिओकॅप्सिडची चाचणी घेऊन लस आणि लागण वेगळी करता येते. कोव्हॅक्सिनमध्ये संपूर्ण निष्क्रिय विषाणू असल्याने तेथे ही युक्ती चालत नाही. ऑगस्ट-सप्टेंबर २०२१मधील मुंबईच्या पाचव्या सर्वेक्षणात ८६.६४ टक्के नमुन्यांत प्रतिपिंडे आढळली : झोपडपट्ट्यांत ८७.०२ आणि इमारतींत ८६.२२. वर्षभरापूर्वीची दरी बुजली होती. तरीही जानेवारी २०२२मध्ये ओमायक्रॉनच्या लाटेत शहरातील दैनंदिन रुग्णसंख्या २० हजारांवर गेली. मृत्यू मात्र आधीच्या लाटेच्या तुलनेत खूपच कमी झाले.