घराशेजारचे रोगट झाड : धोका कसा ओळखावा

आपल्या शहराचे नावच वडावरून पडले आहे. इ.स. ८१२ च्या ताम्रपटात त्याचा उल्लेख ‘वटपद्रक’ असा येतो. बडोद्यात वर्षानुवर्षे राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना अंगणातले, पोळीच्या तोंडाशी असलेले किंवा सोसायटीच्या फाटकाजवळचे झाड घरातल्या वडीलधाऱ्यासारखे वाटते. म्हणूनच ते आजारी दिसू लागले की निर्णय घेणे जड जाते. उन्हाळा सरता सरता सभासदांकडून दोन प्रकारची वाक्ये कानावर येतात. “कडुलिंब वाळायला लागलाय, पावसाआधी काढून टाकावा का?” हे एक. “गुलमोहर तर हिरवागार आहे, त्याची कसली काळजी?” हे दुसरे.

दोन्ही ठिकाणी चूक एकच होते. आपण पानांकडे पाहून निकाल देतो. झाड पडते ते मुळापाशी, बुंध्यापाशी किंवा फांदीच्या सांध्यापाशी. घरच्या घरी पाहणी कशी करावी, काय दिसल्यास जाणकाराला बोलवावे आणि काय केल्याने धोका उलट वाढतो, याची माहिती आम्ही येथे एकत्र दिली आहे.

रोग वेगळा, धोका वेगळा

कडुलिंबाचेच उदाहरण घेऊ. पावसाळ्यापासून थंडीपर्यंत अनेक कडुलिंबांचे शेंडे तपकिरी होऊन वाळतात. ही शेंडेमर फोमॉप्सिस नावाच्या बुरशीमुळे होते आणि रस शोषणाऱ्या ढेकण्या किडीमुळे ती वाढते. २०२१ मध्ये तेलंगणात असंख्य कडुलिंब असे वाळलेले दिसले आणि लोक घाबरले. परंतु बऱ्याच झाडांना पुढच्या हंगामात पुन्हा पालवी फुटते. बारीक डहाळ्या वाळल्या म्हणून झाड कोसळत नाही. वाळलेल्या जाड फांद्या मात्र वेळीच उतरवायला हव्यात.

याउलट गुलमोहराच्या बुंध्याशी, जमिनीलगत, लाखेसारखी चकचकीत, लालसर तपकिरी आणि फळीसारखी कडक अळंबी दिसली, तर वर कितीही फुलोरा असला तरी सावध व्हावे. ही बहुधा गॅनोडर्मा बुरशी असते. ती मुळांचे आणि बुंध्याचे लाकूड आतून कुजवते. अळंबी बाहेर दिसेपर्यंत आतली कूज बरीच पुढे गेलेली असते. पाणी वर पोहोचवणारा थर सालीलगत असतो, त्यामुळे आतले लाकूड गेले तरी पाने हिरवी राहू शकतात.

पाहणी खालून वर करावी

*जमीन आणि मुळे.* बुंध्याभोवती सावकाश एक फेरी मारावी. एका बाजूची माती उचलली गेली आहे का, जमिनीला कमानीसारखी भेग पडली आहे का, हे पाहावे. झाड एका बाजूला ओढले जात असल्याची ही खूण असते. गेल्या दोन-तीन वर्षांत गटार, पाण्याची पाइपलाइन किंवा केबल यांसाठी चर खणला असल्यास त्या बाजूची मुळे तुटलेली असू शकतात. पेव्हर ब्लॉक किंवा फरशी थेट खोडापर्यंत नेली असल्यास मुळांना हवा-पाणी मिळत नाही. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. आपल्या सोसायटीतही तेवढी जागा मोकळी ठेवता येते.

वड-पिंपळाभोवती आपण हौसेने पार बांधतो आणि त्यात माती भरतो. मात्र बुंध्याचा मुळांकडे रुंदावणारा भाग मातीत गाडला गेला की तो सतत ओला राहून कुजू शकतो, आणि ती कूज पारामुळे दिसतही नाही. पार असल्यास बुंध्याभोवतीची माती हलक्या हाताने बाजूला करून साल पाहावी.

*खोड.* साल सुटलेली आहे का, काळपट पाणी किंवा डिंक पाझरतो आहे का, ढोली आहे का, हे पाहावे. आंब्याच्या खोडावर छिद्रे आणि खाली लाकडाचा भुसा दिसला तर ते भिरूड किडीचे काम असते. वाळवीची मातीची वाट दिसली की तेथे मृत लाकूड आहे का ते तपासावे. वाळवी नुसती मेलेल्या सालीवरही असू शकते. लाकडी हातोडीने खोडावर ठिकठिकाणी हलके ठोकावे. एखाद्या जागी भरीव आवाजाऐवजी पोकळ आवाज आला तर ती जागा खडूने खुणावून ठेवावी.

ढोली दिसताच झाड धोकादायक ठरत नाही. जर्मनीतील क्लाउस मॅथेक यांच्या अभ्यासातून आलेला एक ठोकताळा जाणकार वापरतात: उरलेल्या निरोगी लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक-तृतीयांश असावी. खोडाचा व्यास ६० सेंमी असेल तर त्रिज्या ३० सेंमी, म्हणजे सभोवार किमान १० सेंमी चांगले लाकूड हवे. चहूबाजूंनी बंद असलेली नळी इतकी पोकळ झाली तरी तिची वाकण्याविरुद्धची ताकद सुमारे एक-पंचमांशानेच घटते. ढोलीचे तोंड रुंद उघडे असेल किंवा खोडाला उभी चीर असेल, तर मात्र हा हिशेब लागू पडत नाही.

*कल.* लहानपणापासून तिरपे वाढलेले झाड वर जाऊन पुन्हा सरळ होते आणि त्या बाजूचे लाकूड जाड होते. असा जुना कल बहुधा स्थिर असतो. सरळसोट खोड अलीकडेच कलले असेल आणि सोबत जमिनीला भेग असेल, तर ती तातडीची बाब आहे. दर वर्षी एकाच जागेवरून काढलेला फोटो येथे उपयोगी पडतो.

*फांद्या.* दोन जाड फांद्या अरुंद बेचक्यात एकमेकींना चिकटून वाढल्या असतील आणि मध्ये साल दबलेली असेल, तर वाऱ्यात तोच सांधा फाटतो. गुलमोहर, सोनमोहर आणि शेवगा यांचे लाकूड ठिसूळ असल्याने तेथे विशेष लक्ष द्यावे. आंब्यावर बांडगूळ वाढले असल्यास फांदीवर भार येतो आणि ती हळूहळू वाळते.

वड, नारळ आणि भिंतीतला पिंपळ

वडाला पारंब्यांचा आधार असतो. कोलकात्याजवळच्या शिबपूर येथील वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचे मुख्य खोड बुरशीने कुजल्याने १९२५ मध्ये काढावे लागले. तो वड आजही पारंब्यांवर उभा आहे. म्हणून मोटार लावायला अडचण होते म्हणून पारंब्या छाटू नयेत. जमिनीपर्यंत पोहोचू दिलेली पारंबी पुढे खांबाचे काम करते.

नारळाला फांद्या नसल्याने तो निरुपद्रवी वाटतो. जुलै २०१७ मध्ये मुंबईत चेंबूर येथे नारळाचे झाड अंगावर पडून सकाळी बाहेर पडलेल्या एका महिलेचा मृत्यू झाला. त्या झाडाबाबत आधी अर्ज झाला होता आणि पाहणीही झाली होती. एकदा पाहणी झाली म्हणजे काम संपले असे मानू नये, हे त्यातून शिकायचे.

रावपुरा, दांडिया बाजार, मांडवी या भागांतील जुन्या वाड्यांच्या भिंतींत उगवलेल्या पिंपळ-उंबरांचा प्रश्न निराळा आहे. तेथे झाड निरोगी असते, पण मुळे विटांचे सांधे उकलतात आणि भिंत पडते. अशी रोपे बोटभर असतानाच काढावीत. मोठी झाली असल्यास ओढून काढू नयेत, भिंतीसह पाहणी करून घ्यावी.

धोका मोजण्याचे तीन प्रश्न

एक, झाड किंवा त्याचा भाग मोडण्याची शक्यता किती? दोन, मोडल्यास खाली कोण किंवा काय असेल? तीन, नुकसान किती होईल? तिन्ही उत्तरे एकत्र पाहिल्यावरच धोका कळतो.

पाहणीसाठी झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतराचे वर्तुळ डोळ्यांसमोर आणावे. झाड ४० फुटी असेल तर ६० फुटांच्या आत काय आहे ते लिहून काढावे. मुलांची खेळण्याची जागा, आजी-आजोबांचा बाक, झोपण्याची खोली, विजेच्या तारा, मोटारी, रिकामा कोपरा. पोकळ झाड रिकाम्या कोपऱ्यात असेल तर त्याला पक्ष्यांसाठी राहू देता येते. तेच झाड बालवाडीच्या फाटकावर असेल तर थांबता येत नाही. कित्येकदा झाडाला हात न लावता बाक किंवा मोटारींची जागा हलवूनही धोका कमी होतो.

पावसाचा विचारही यात धरावा. काळी माती उन्हाळ्यात तडकते आणि पावसात फुगून मऊ होते. तेव्हा मुळांची पकड ढिली पडते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेले, हे आपण विसरलेलो नाही. ज्या सोसायट्यांत पाणी साचून राहिले, तेथील झाडांची बारीक मुळे हवेअभावी मेलेली असू शकतात. त्याचा परिणाम उशिरा दिसतो, म्हणून तेथे पुढची काही वर्षे पाहणी चुकवू नये.

काय करू नये

ढोलीत सिमेंट भरू नये. त्याने ताकद येत नाही, ओल मात्र अडकते. झाडाचा अख्खा शेंडा कापून त्याला ‘बोडके’ करू नये. नंतर फुटणाऱ्या फांद्यांचे सांधे कच्चे असतात आणि काही वर्षांत तोच धोका दुप्पट होऊन परत येतो. एका वेळी हिरव्या पर्णभारातला पाव हिस्स्याहून अधिक भाग काढू नये. फांदी तोडताना लांब खुंट ठेवू नये आणि खोडाची सालही सोलू नये. सांध्याजवळचा फुगीर कडा राखून कापल्यास जखम भरून येते. रोषणाईच्या तारा आणि पाळण्याचे दोर आवळून कायम ठेवू नयेत, खिळे ठोकू नयेत. विजेच्या तारेजवळची फांदी स्वतः कधीच तोडू नये, त्यासाठी मध्य गुजरात वीज कंपनीला कळवावे.

परवानगी आणि जबाबदारी

झाड आपल्या आवारात असले तरी ते तोडण्यापूर्वी महानगरपालिकेच्या उद्यान विभागाकडे लेखी अर्ज करावा. अर्जासोबत जागेचा पत्ता, झाडाचा प्रकार, जमिनीपासून साडेचार फुटांवरचा घेर, खुणांचे तारीखवार फोटो आणि झाडाखाली काय आहे त्याची नोंद जोडावी. पोहोच जपून ठेवावी.

कागद का जपायचा, हे राजकोटच्या एका खटल्यावरून कळते. १९७५ मध्ये तेथे रस्त्याकडेचे झाड अचानक पडून कामावर चाललेल्या एका कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला. त्याच्या कुटुंबाला मिळालेली ४५ हजार रुपयांची भरपाई उच्च न्यायालयाने कायम ठेवली, परंतु १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. झाड निरोगी दिसत होते, वारा नव्हता आणि ते पडेल अशी आधी कल्पना येण्याजोगे काही समोर नव्हते, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा होता. आधी कळू शकत होते का, हा प्रश्न असा निर्णायक ठरतो. बुंध्यावरची अळंबी किंवा जमिनीची भेग आपण पाहिली असेल, तर ‘माहीत नव्हते’ असे म्हणायला जागा उरत नाही. सोसायटीच्या कार्यकारिणीने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

झाड कलू लागले, खोडातून कडकड आवाज आला किंवा मुळे उचलली गेली, तर अर्जाची वाट पाहू नये. खालची जागा रिकामी करावी, दोर बांधून ये-जा थांबवावी आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवावे.

वर्षातून दोनदा

पहिली पाहणी ज्येष्ठ पौर्णिमेच्या आधी करावी आणि दुसरी पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या सुमारास. दुसऱ्या पाहणीत अळंब्या नीट दिसतात. वटपौर्णिमेला आपण वडाभोवती फेऱ्या मारतो, सूत गुंडाळतो. त्याच्या आदल्या दिवशी एक फेरी नुसती बुंध्याकडे पाहत मारावी. घरातल्या तरुण मुलांना सोबत घ्यावे, एक फोटो काढावा, वहीत तारीख टाकावी. मंडळाच्या सभासदांनी अशी वही ठेवली तर पुढच्या वर्षी कोणते झाड राखायचे आणि कोणते उतरवायचे, हे भीतीने किंवा मायेने न ठरवता पाहून ठरवता येईल. जे झाड काढावेच लागेल, त्याच्या जागी त्याच पावसाळ्यात भिंतीपासून पुरेसे अंतर ठेवून नवे झाड लावावे.